अ‍ॅलन ट्यूरिंग : संगणकशास्त्राचा आद्य प्रवर्तक

आमच्या मंडळातील ज्या कुटुंबांची मुले-मुली अभियांत्रिकी महाविद्यालयांत संगणकशास्त्र शिकतात, त्यांच्या घरी तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षी एक प्रसंग हटकून येतो. तोवर प्रोग्राम लिहिण्यात रमलेला विद्यार्थी एकाएकी असे एक पुस्तक घेऊन बसतो, की ज्यात यंत्राचे चित्र नाही, विजेचा उल्लेख नाही. आहे ती केवळ चौकटी आखलेली एक अंतहीन फीत आणि तीवरून पुढेमागे सरकणारे एक काल्पनिक उपकरण. त्याचे नाव ‘ट्यूरिंग यंत्र’. परीक्षेपुरते ते पाठ होते आणि मागेही पडते. ज्याच्या नावाने ते ओळखले जाते तो पुरुष कोण, कसा जगला आणि कसा गेला, हे सांगावयास वर्गात सवड नसते. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने ते चरित्र आमच्या वाचकांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटले. त्याला आणखी एक कारण आहे. ते चरित्राच्या आरंभीच दृष्टीस पडेल.

ट्यूरिंग यांचे वडील ज्युलियस ट्यूरिंग हे इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधील अधिकारी. त्यांची नोकरी मद्रास इलाख्यात झाली. आई एथेल सारा यांचा तर जन्मच कोईमतूरनजीकच्या पोदनूरचा. मातामह एडवर्ड स्टोनी हे मद्रास रेल्वेचे मुख्य अभियंता; आवाज न करणाऱ्या पंख्याच्या चक्राचे पेटंटही त्यांच्या नावे होते. थोरला मुलगा जॉन हा १९०८ साली निलगिरीतील कुन्नूर येथे जन्मला. १९११ साली हे दांपत्य गंजम जिल्ह्यातील छत्रपूर येथे होते. छत्रपूर त्या काळी मद्रास इलाख्यात मोडत असे, आता ते ओडिशात आहे. दुसऱ्या बाळंतपणासाठी एथेलबाई इंग्लंडास गेल्या आणि २३ जून १९१२ रोजी लंडन येथे अ‍ॅलनचा जन्म झाला.

हिंदुस्थानातील हवा लहान मुलांस मानवत नाही, असा त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्यांचा पक्का समज होता. त्यामुळे अ‍ॅलन सव्वा-दीड वर्षाचा असतानाच आई हिंदुस्थानात परतली आणि दोघे भाऊ इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील सेंट लेनर्ड्स येथे एका निवृत्त कर्नलच्या घरी राहिले. पहिल्या महायुद्धाच्या काळात समुद्रप्रवास धोक्याचा झाल्यामुळे आई काही वर्षे मुलांजवळ राहू शकली. वडील मात्र रजेवर येत आणि जात. आमच्यापैकी कित्येकांनी बदलीच्या नोकरीपायी एखादे मूल पुण्यास वा नागपुरास आजी-आजोबांच्या हवाली केले आहे. गाडी सुटताना फलाटावर काय होते ते त्यांस ठाऊक आहे. ह्या मुलांच्या वाट्यास तर आजी-आजोबाही आले नाहीत. आला तो परक्यांचा पाहुणचार. पुढील आयुष्यात ट्यूरिंग यांच्या वागण्यात जो एकलकोंडेपणा आणि जगरहाटीविषयी जी बेफिकिरी दिसते, तिचे मूळ येथेच आहे असे ठामपणे म्हणणे आम्हांस धाडसाचे वाटते. पण त्याचा काहीच संबंध नसेल, असेही वाटत नाही.

मूल विलक्षण होते. अक्षर गिचमिड, पोशाख अव्यवस्थित, खेळाच्या मैदानावर चेंडूपेक्षा कडेच्या फुलांकडे लक्ष. १९२६ साली शेरबॉर्न येथील निवासी शाळेत दाखल होण्याच्या वेळी इंग्लंडात सार्वत्रिक संप पुकारला गेला आणि आगगाड्या बंद पडल्या. तेव्हा हा तेरा वर्षांचा मुलगा साउदॅम्प्टन बंदरातून सायकलीने निघाला व वाटेत एक रात्र खाणावळीत काढून साठ मैलांवरील शाळेत वेळेवर हजर झाला. शाळेने मात्र त्याचे फारसे कौतुक केले नाही. तेथे ग्रीक-लॅटिनचा दरारा होता. ह्यास केवळ विज्ञानातच पारंगत व्हावयाचे असेल तर तो येथे वेळ वाया घालवीत आहे, अशा आशयाचे पत्र मुख्याध्यापकांनी पालकांना धाडले. तो मुलगा त्या सुमारास आइन्स्टाइनच्या सापेक्षतासिद्धांताचे लोकांसाठी लिहिलेले पुस्तक वाचून स्वतःची टिपणे काढीत होता.

त्याच शाळेत त्याला ख्रिस्तोफर मॉरकॉम हा एक वर्षाने पुढे असलेला विद्यार्थी मित्र म्हणून लाभला. दोघे मिळून तारे पाहत, रसायनांचे प्रयोग करीत, गणिते घालीत. १९२९ च्या डिसेंबरात दोघांनी केंब्रिजच्या शिष्यवृत्तीची परीक्षा दिली. ख्रिस्तोफरला ती मिळाली, अ‍ॅलनला नाही. पण केंब्रिजला जाणे ख्रिस्तोफरच्या नशिबी नव्हते. लहानपणी दूषित दुधातून जडलेल्या क्षयाने तो १३ फेब्रुवारी १९३० रोजी वारला. सतरा वर्षांच्या अ‍ॅलनने त्याच्या आईस पत्रे लिहिली. मन हे शरीराशी कसे जोडलेले असते आणि शरीर गेल्यावर त्याचे काय होते, हा प्रश्न त्याला तेव्हापासून सोडीना. यंत्र विचार करू शकेल काय, असे वीस वर्षांनी ज्याने जगास विचारले, त्याच्या जिज्ञासेचा उगम ह्या शोकात आहे, असे त्याचे चरित्रकार मानतात. आम्हांसही ते पटते.

१९३१ साली ट्यूरिंग केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात गेले, १९३४ साली प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाले आणि १९३५ साली अवघ्या बाविसाव्या वर्षी कॉलेजचे फेलो निवडले गेले. त्यासाठी त्यांनी संभाव्यताशास्त्रातील एका मध्यवर्ती सिद्धांताची सिद्धता दिली होती. तीच सिद्धता लिंडेबर्ग यांनी १९२२ सालीच दिल्याचे त्यांना ठाऊक नव्हते! आधी कोणी काय लिहिले हे न पाहता प्रश्नास मुळापासून भिडावयाचे, ही त्यांची सवय जन्मभर टिकली. तिच्यामुळे त्यांचे श्रम पुष्कळदा दुप्पट झाले, परंतु एकदा तीच त्यांच्या अमरत्वास कारण झाली.

ती कथा अशी. १९३५ च्या वसंतात मॅक्स न्यूमन यांनी गणिताच्या पायासंबंधी वरिष्ठ वर्गास व्याख्याने दिली. जर्मन गणिती हिल्बर्ट यांनी १९२८ साली उपस्थित केलेला प्रश्न त्यांत होता : गणितातील कोणतेही विधान दिले असता ते सिद्ध करता येईल की नाही, हे ठरविणारी एखादी निश्चित, ठरावीक पायऱ्यांची रीत आहे काय? १९३१ साली गोडेल यांनी हिल्बर्ट यांच्या काही आशांना धक्का दिला होता. पण हा निर्णयप्रश्न उभाच होता. न्यूमन यांनी बोलताना त्या रीतीस यांत्रिक प्रक्रिया म्हटले. इतरांनी तो शब्द ऐकला आणि सोडून दिला. ट्यूरिंग यांनी तो अक्षरशः घेतला. त्यांना लांब पल्ल्याचे धावण्याचा नाद होता. त्या उन्हाळ्यात धावून दमल्यावर ग्रँटचेस्टरच्या कुरणात पडले असता उत्तराची दिशा त्यांस सुचली.

त्या काळी इंग्रजीत ‘कम्प्यूटर’ हा शब्द यंत्राचा नव्हता, आकडेमोड करणाऱ्या माणसाचा होता. पेढीवरील मुनीम हिशेब करतो तेव्हा नेमके काय करतो? चौकटींच्या कागदावर एक आकडा पाहतो, मनात काहीएक हातचा धरून असतो, त्यावरून दुसरा आकडा लिहितो आणि शेजारच्या चौकटीकडे वळतो. ट्यूरिंग म्हणाले, एवढेच घ्या, बाकी सारे काढून टाका. कागदाऐवजी दोन्ही बाजूंस हवी तेवढी वाढणारी फीत, मनातील हातच्याऐवजी मोजक्या ‘अवस्था’, आणि नियमांचा एक तक्ता : अमुक अवस्थेत अमुक चिन्ह दिसले तर हे लिहा, ह्या बाजूस सरका, त्या अवस्थेत जा. एक अगदी सोपे उदाहरण देतो. फितीवर ओळीने काही रेघा आहेत आणि त्या सम आहेत की विषम हे सांगावयाचे आहे. यंत्रास दोनच अवस्था पुरतात. आरंभी ते ‘सम’ अवस्थेत असते. एकेक रेघ दिसली की अवस्था पालटावयाची आणि उजवीकडे सरकावयाचे. कोरी चौकट आली की थांबावयाचे. त्या क्षणी जी अवस्था असेल तेच उत्तर. मोजणी नाही, बेरीज नाही, बुद्धी तर नाहीच. तरी उत्तर अचूक. अशाच क्षुल्लक पायऱ्या पुरेशा रचल्या की मनुष्य ठरावीक रीतीने जे जे गणित करू शकतो ते ते सर्व साधते, हा त्यांचा दावा होता.

येथून त्यांनी दोन पावले टाकली. नियमांचा तक्ता हाही शेवटी चिन्हांचाच बनलेला. मग तोच फितीवर लिहून दुसऱ्या यंत्रास का वाचावयास देऊ नये? असे एक यंत्र रचता येते की जे कोणत्याही यंत्राचा तक्ता वाचून हुबेहूब त्याच्यासारखे वागेल. हे ‘सार्वत्रिक यंत्र’. एकच उपकरण, पण प्रोग्राम बदलला की काम बदलते. आज खिशातील टेलिफोन पत्रे धाडतो, रेल्वेचे आरक्षण करतो आणि नातवाला बुद्धिबळही खेळवितो, त्यामागील तत्त्व हेच. ते कागदावर आले तेव्हा असे यंत्र जगात कोठेही नव्हते.

दुसरे पाऊल निराळे आणि आमच्या मते अधिक खोल आहे. सध्या वर्गात ते ज्या रूपात शिकवितात त्याच रूपात सांगतो; ट्यूरिंग यांची स्वतःची मांडणी अखंड अंक छापीत राहणाऱ्या यंत्रांच्या भाषेत होती. समजा, कोणी एक परीक्षक-यंत्र बनविले, जे कोणत्याही यंत्राचे वर्णन वाचून ते कधी थांबेल की अनंत काळ फिरत राहील हे बिनचूक सांगते. तर आम्ही एक हट्टी यंत्र बनवू. ते परीक्षकास स्वतःविषयीच प्रश्न विचारील. परीक्षक ‘थांबेल’ म्हणाला तर ते फिरत राहील आणि ‘फिरेल’ म्हणाला तर तत्क्षणी थांबेल. परीक्षक काहीही म्हणो, तो खोटा ठरतो. अर्थात असा परीक्षक असूच शकत नाही आणि त्यावरून हिल्बर्ट यांच्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी येते. यंत्र काय करू शकते हे सांगता सांगता यंत्रे कधीच काय करू शकणार नाहीत, तेही ह्या तरुणाने त्याच लेखात सिद्ध केले.

१९३६ च्या एप्रिलात त्यांनी हा लेख न्यूमन यांच्या हाती दिला. त्याच सुमारास अमेरिकेत अलोन्झो चर्च यांनी वेगळ्या वाटेने तेच उत्तर काढल्याचे कळले. पुन्हा एकदा दुसरा पुढे गेला होता! परंतु ट्यूरिंग यांची वाट इतकी स्वतंत्र व स्वच्छ होती की लंडनच्या गणितमंडळाच्या नियतकालिकाने लेख स्वीकारला. पुढे चर्च यांच्याच हाताखाली प्रिन्स्टन येथे त्यांनी १९३८ साली डॉक्टरेट मिळविली. फॉन नॉयमन यांनी तेथेच राहण्याविषयी सुचविले असता ते न स्वीकारता ते मायदेशी परतले.

४ सप्टेंबर १९३९ रोजी, इंग्लंडने युद्ध पुकारल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ट्यूरिंग ब्लेचली पार्क येथील गुप्तलिपी-केंद्रात रुजू झाले. जर्मन सैन्याची सांकेतिक भाषा ‘एनिग्मा’ नामक यंत्रातून निघत असे. त्याच्या मांडण्यांची संख्या १५९ ह्या आकड्यावर अठरा शून्ये दिल्याने येईल एवढी होती, आणि मांडणी रोज बदले. पोलंडच्या रेयेव्स्की, झिगाल्स्की व रुझित्स्की ह्या तिघा गणितींनी युद्धापूर्वीच ह्या यंत्राचे मर्म शोधून जुलै १९३९ मध्ये ते इंग्रजांस सांगितले होते. त्यांचे नाव पुष्कळदा गाळले जाते म्हणून मुद्दाम येथे नोंदवितो. एनिग्मात एक दोष होता : कोणतेही अक्षर स्वतःच्याच रूपाने बाहेर पडत नसे. संदेशात अमुक शब्द असावा असा अंदाज करून त्यावरून अशक्य मांडण्या झपाट्याने बाद करणारे ‘बॉम्ब’ नावाचे यंत्र ट्यूरिंग यांनी कल्पिले आणि गॉर्डन वेल्शमन यांनी त्यात मोलाची भर घातली. पहिले यंत्र १९४० च्या मार्चमध्ये सुरू झाले. अखेरीस त्यांची संख्या दोनशेच्या घरात गेली. जर्मन आरमाराची लिपी सर्वांत अवघड, म्हणून कोणी तिला हात लावीत नव्हते. ती एकट्यास हाताळता येईल म्हणून ट्यूरिंग यांनी ती घेतली. अटलांटिकमध्ये पाणबुड्या अन्नधान्याची जहाजे बुडवीत असता ह्या कामाचे मोल काय होते हे सांगावयास नको. त्याच केंद्रातील ‘कोलोसस’ हे विद्युत्-यंत्रही कित्येक लेखांत त्यांच्याच खाती घातले जाते. ते टॉमी फ्लॉवर्स ह्या टपाल खात्यातील अभियंत्याचे कर्तृत्व होय.

ह्या काळातील त्यांच्या लकबी प्रसिद्ध आहेत. फुलांच्या परागांचा त्रास होऊ नये म्हणून ते विषारी वायूपासून बचावाचा मुखवटा घालून सायकल चालवीत. चहाचा पेला कोणी नेऊ नये म्हणून तो साखळीने बांधून ठेवीत. चलन बुडेल ह्या भीतीने घेतलेल्या चांदीच्या लगडी त्यांनी रानात पुरल्या आणि पुढे त्या त्यांच्या त्यांनाच सापडल्या नाहीत! १९४१ साली सहकारी जोन क्लार्क यांच्याशी त्यांचा वाङ्‌निश्चय झाला. आपला ओढा पुरुषांकडे आहे हे त्यांनी तिला सांगितले, आणि काही महिन्यांनी स्वतःच तो संबंध सोडला. मैत्री कायम राहिली.

युद्धानंतर त्यांनी राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेसाठी ‘एस’ नामक संगणकाचा तपशीलवार आराखडा केला. एका प्रोग्रामने दुसऱ्यास बोलवावे आणि काम झाल्यावर जेथून निघालो तेथेच परत यावे, ह्यासाठी परतीच्या खुणा एकावर एक रचून ठेवण्याची युक्ती त्यात होती. ‘स्टॅक’ शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी तिची आठवण ठेवावी. सरकारी दिरंगाईला कंटाळून ते १९४८ साली मँचेस्टरला गेले. तेथे विल्यम्स व किलबर्न यांच्या यंत्राने त्याच वर्षी २१ जून रोजी स्मृतीत साठविलेला पहिला प्रोग्राम चालविला होता. १९४९ साली त्यांनी प्रोग्राम बरोबर आहे हे तर्काने कसे सिद्ध करावे यावर एक छोटा निबंध वाचला. तो विषय अभ्यासक्रमात येण्यास पुढे दोन दशके लागली. ह्याच काळात मॅरेथॉनची शर्यतही ते दोन तास शेहेचाळीस मिनिटांत धावले!

१९५० साली ‘माइंड’ ह्या तत्त्वज्ञानाच्या त्रैमासिकात त्यांचा सुप्रसिद्ध लेख आला. यंत्र विचार करते काय, ह्या प्रश्नाचा काथ्याकूट करण्याऐवजी त्यांनी एक खेळ सुचविला : पडद्याआड एक मनुष्य आणि एक यंत्र, प्रश्न लिहून पाठवावयाचे, उत्तरे टंकलिखित यावयाची, विचारणाऱ्यास फरक ओळखता आला नाही, तर यंत्रास बुद्धी नाकारण्याचे कारण काय? पन्नास वर्षांत सामान्य परीक्षक पाच मिनिटांच्या प्रश्नोत्तरांनंतर शंभरात सत्तराहून अधिक वेळा अचूक ओळखू शकणार नाही, असे त्यांचे भाकीत होते. वर्षांचा हिशेब थोडा चुकला असेल; पण माणसाशी संभाषण करणारी यंत्रे घरोघर आल्यावर त्या लेखाकडे कोणी गंमत म्हणून पाहत नाही. १९५१ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, आणि १९५२ साली प्राण्यांच्या अंगावर ठिपके व पट्टे रसायनांच्या खेळातून कसे उमटतात, ह्यावर त्यांनी जीवशास्त्रास नवी दिशा देणारा निबंध लिहिला.

त्याच वर्षी घात झाला. घरी चोरी झाल्याची फिर्याद त्यांनी पोलिसांत दिली. चौकशीत एका तरुणाशी असलेला आपला संबंध त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितला. त्या काळच्या इंग्लंडात तो गुन्हा होता. ३१ मार्च १९५२ रोजी खटला उभा राहिला. तुरुंग टाळावयाचा तर वर्षभर स्त्री-संप्रेरकांचा उपचार घ्यावयाचा, अशी अट पडली आणि ती त्यांनी पत्करली. गुप्त कामाची दारे त्यांस बंद झाली. युद्धात त्यांनी काय केले हे न्यायालयास सांगता येत नव्हते, कारण ते सारेच गुप्त होते. ज्या राज्याचे त्यांनी रक्षण केले, त्यानेच त्यांस असे वागवावे ह्याला आम्ही अन्याय म्हणतो. दुसरा शब्द आम्हांस माहीत नाही. ७ जून १९५४ रोजी विल्म्सलो येथील घरी सायनाइडने त्यांचा अंत झाला. वय एकेचाळीस. उशाशी अर्धवट खाल्लेले सफरचंद होते. मृत्युचौकशीत आत्महत्या ठरविली गेली. घरी रसायनांचे प्रयोग करताना निष्काळजीपणाने विष पोटात गेले, असे आईचे मत शेवटपर्यंत होते.

ब्रिटनच्या पंतप्रधानांनी १० सप्टेंबर २००९ रोजी सरकारच्या वतीने क्षमा मागितली. २०१३ च्या डिसेंबरात राजमाफी जाहीर झाली. २०१७ साली अशाच हजारो इतरांच्याही शिक्षा कायद्याने पुसल्या गेल्या, आणि २०२१ साली पन्नास पौंडांच्या नोटेवर त्यांचे चित्र आले. इंग्रजांनीच १८६० साली आपल्या दंडसंहितेत घातलेले तशाच प्रकारचे कलम प्रौढांच्या परस्परसंमत संबंधांपुरते आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्दबातल ठरविले. संगणकशास्त्रातील सर्वश्रेष्ठ पारितोषिक १९६६ पासून ट्यूरिंग यांच्याच नावाने दिले जाते. १९९४ साली ते आंध्रात जन्मलेल्या राज रेड्डी यांस मिळाले. भारतात पहिला अंकीय संगणक कलकत्त्याच्या सांख्यिकी संस्थेत आला तो ट्यूरिंग यांच्या मृत्यूनंतर वर्ष-दीड वर्षात, आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतः बांधलेला संगणक १९६० साली चालू झाला.

एथेलबाईंनी मुलाच्या मागे त्याचे चरित्र लिहिले. ते १९५९ साली प्रसिद्ध झाले. पोदनूरला जन्मलेल्या, छत्रपूरला संसार केलेल्या ह्या मातेने मुलाच्या शाळकरी पत्रांपासून शोधनिबंधांपर्यंत जे मिळाले ते जपून एकत्र केले. गणित येत नसताना ते समजून घेण्याची खटपट केली. युद्धातील कामाविषयी तिला फारसे काही लिहिता आले नाही, कारण ते रहस्य १९७४ साली प्रथम उघड झाले. खटल्याविषयी तिने लिहिले नाही. ती १९७६ साली वारली. २०१२ साली, पुत्राच्या जन्मशताब्दीस, केंब्रिज विद्यापीठाने ते पुस्तक पुन्हा छापले, तेव्हा त्याला थोरल्या भावाने, जॉनने, लिहून ठेवलेल्या आठवणी जोडल्या. आईने जे गाळले होते, ते त्यांत आहे.